कांद्याच्या हंगामातले खांदे

पहाटे साडेपाच

एप्रिल उतरणीला लागला की नामपूरला पहाट ट्रॅक्टरच्या आवाजानं होते. उन्हाळी कांदा निघालेला असतो. चाळीत भरायचा तो भरायचा, पैशाची नड असेल तेवढा लिलावाला न्यायचा, आणि त्यासाठी मोसम नदीकाठच्या गावांतून ट्रॉल्या उजाडायच्या आत बाजार समितीच्या वाटेला लागलेल्या असतात. लग्नसराई याच दिवसांत, गावोगावच्या यात्राही याच दिवसांत. रात्रीचे रस्ते, दमलेली माणसं, एका दुचाकीवर तिघं आणि यात्रेतल्या कुस्त्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे. खांद्याचे पेशंट माझ्याकडे बारा महिने असतात, पण गळ्याचं हाड खांद्याच्या टोकाला जिथं टेकतं, तो बोटभर सांधा निखळलेले लोक या हंगामात रांगेनं येतात.

उठल्यावर आधी फोन बघते. रात्री कुणीतरी एक्स-रे पाठवलेला असतोच. आजचा वडनेर खाकुर्डीकडून आला आहे. गाडी घसरली, माणूस थेट खांद्याच्या टोकावर आपटला. हा सांधा जायची ही नेहमीची तऱ्हा. हात अंगाशी असताना खांदा जमिनीवर आदळतो आणि सगळा मार टोकाला बसतो. फोनवरच्या फोटोत काही नीट दिसत नाही. खांद्याच्या नेहमीच्या एक्स-रेत हा सांधा बहुतेक वेळा काळा पडतो, कारण तो पातळ आहे आणि किरण मात्र जाड खांद्याच्या हिशेबानं सोडलेले असतात. झांका नावाच्या डॉक्टरांनी १९७१ साली हजार दुखऱ्या खांद्यांचा अभ्यास मांडला. तेव्हापासून नळी दहा-पंधरा अंश वरच्या दिशेनं कलती ठेवून आणि किरणांचा जोर कमी करून या सांध्याचा वेगळा फोटो काढतात. दोन्ही खांद्यांचा एकत्र काढला तर आणखी चांगलं; बिघडलेल्या बाजूची तुलना चांगल्या बाजूशी होते. मी तेवढंच कळवते: हाडांच्या डॉक्टरांकडे जा, असा फोटो मागा, तोवर टॉवेलची झोळी करून हात गळ्यात घ्या, बर्फ लावा, मालिश नको, चोळणं तर नकोच.

सकाळी सात

दवाखाना उघडायच्या आधी व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर एक चक्कर असते. लिलाव झालेला कांदा इथं पसरतात, निवडतात, गोण्यांत भरतात आणि ट्रकमध्ये थप्पी लागते. निवडणीला बाया बसतात, भरलेली गोणी मात्र हमालाच्या पाठीवर जाते. दवाखान्यात खांदा तपासताना जे कधीच कळत नाही ते इथं पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

गोणी नेमकी कुठं टेकते ते मी बघते. जुना, मुरलेला हमाल ती पाठीच्या वरच्या भागावर, दोन्ही पात्यांच्या मध्ये घेतो, कमरेतून वाकतो आणि छोटी पावलं टाकतो. नवखा पोरगा ती एका खांद्यावर घेतो. तिथं गोणीची कड बरोबर त्या बोटभर सांध्यावर बसते. पन्नास किलोच्या आसपासचं वजन, त्यात फळीवरून ट्रकमध्ये चढताना बसणारा हिसका, आणि असं दिवसभर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली एका प्रौढ पुरुषानं उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली आला. ओझ्याला मर्यादा हवी आणि ते वाहणाऱ्याला संरक्षण हवं, हे कागदावर येऊन अर्धं शतक उलटलं. ज्या खांद्यावरून हा सगळा व्यापार जातो, त्या खांद्याची चौकशी मात्र तो बंद पडल्याशिवाय कुणी करत नाही. मला याचा राग येतो, आणि रोज सकाळी इथं यायचं एक कारण तो रागही आहे.

चाळिशीचा एक हमाल माझ्याजवळ येऊन उभा राहतो. काही वर्षांपूर्वी सायकलवरून पडला होता. हाड थोडं वर आलं, आठवडाभर दुखलं, मग थांबलं. आता थंडीत आणि रात्री त्या कुशीवर झोपल्यावर ठणकतं. मी त्याला दुखऱ्या बाजूचा हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे न्यायला सांगते. हात अर्ध्यात येतो आणि तो थांबतो. बोटानं जागा दाखव म्हटलं तर एकच बोट, एकच जागा. खांद्याचं इतर दुखणं माणूस सगळा तळवा फिरवून दाखवतो. हा सांधा दुखत असेल तर एका बोटानं दाखवतो.

अशा जुन्या, अर्धवट फाटलेल्या सांध्यात पुढं झीज सुरू होते. कूर्चा घासते, हाडाच्या कडा वाढतात, कधी हाडाचं टोकच विरघळल्यासारखं ठिसूळ होतं. वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे टोकाचं विरघळणं चांगलं ओळखीचं आहे. हमालाच्या बाबतीत त्याची चर्चा फारशी होत नाही, एवढाच फरक. त्याला मी काम सोड म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. गोणी दुसऱ्या बाजूला न घेता पाठीवर मधोमध घ्यायला सांगते, उचलताना जोडीदाराची मदत घ्यायला सांगते, आणि संध्याकाळी दवाखान्यात बोलावते. मुकादमालाही सांगते की याला पंधरा दिवस थप्पी लावायला देऊ नका, शिवणीवर बसवा. डोक्याच्या वर गोणी ढकलणं या सांध्याला सगळ्यात वाईट. मुकादम मान डोलावतो. उद्या परत येऊन बघावं लागेल.

सकाळी साडेनऊ

कोटबेलकडचा मुलगा आईला घेऊन आला आहे. वय चोवीस, अपघाताला सहा आठवडे झाले. टेबलावर बसायच्या आतच बोलतो,

"मॅडम, आते दुखस नही. चाळ भरानी शे."

हे वाक्य मी या दिवसांत सारखं ऐकते, आणि याच टप्प्यावर निम्मे खांदे हातचे जातात. दुखणं थांबण्याची तारीख आणि खांदा ओझ्याला तयार होण्याची तारीख यांत या दुखापतीत दीड-दोन महिन्यांचं अंतर असतं. दुखणं पहिल्या महिन्यात उतरतं. ताकद तिसऱ्या महिन्यात येते, तीही रोज कमवली तर.

त्याचा सांधा पूर्ण निखळलेला आहे. रॉकवूड यांनी १९८४ साली या दुखापतीच्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्यातली ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांत अस्थिबंध ताणलेले किंवा अर्धवट फाटलेले असतात; झोळी, आराम आणि मग व्यायाम, एवढ्यानं भागतं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या पायरीत हाड मागं स्नायूत घुसलेलं, फार वर गेलेलं किंवा क्वचित खाली अडकलेलं असतं. तिथं बहुतेक सर्जन ऑपरेशनच सुचवतात. वाद आहे तो तिसऱ्या पायरीचा, आणि तो अनेक वर्षं चालू आहे. कॅनडातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून पूर्ण निखळलेल्या सांध्याचे ८३ रुग्ण घेतले, निम्म्यांना हुकाची प्लेट बसवली, निम्म्यांना नुसती झोळी आणि व्यायाम दिला. २०१५ साली निकाल छापला. एक्स-रे ऑपरेशनवाल्यांचे चांगले दिसले. पण हात चालवण्यात सुरुवातीचे महिने विनाऑपरेशनवाले पुढं होते, आणि दोन वर्षांनी दोघांत फरक राहिला नव्हता. नाशिकच्या डॉक्टरांनी या मुलाला ऑपरेशन नको सांगितलं, ते मला पटलं. जबाबदारी त्यामुळं माझ्यावर आणि त्याच्यावर आली.

आईचा प्रश्न वेगळा आहे. खांद्याच्या टोकावर लिंबाएवढी गाठ दिसते आहे. पोराचं लग्न करायचं आहे. "दाबून बसवता नाही येणार का हो मॅडम? आमच्याकडं हाडवैद्य आहेत, घट्ट बांधतात."

हा प्रश्न माणसांनी फार पूर्वीपासून विचारलेला आहे. सुश्रुतसंहितेत गळ्याच्या हाडाचा उपाय दिला आहे: खाली दबलं असेल तर शेकून मुसळानं वर उचलावं, वर आलं असेल तर दाबून घट्ट बांधावं. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्याचा तर स्वतःचाच हा सांधा आखाड्यात निखळला होता. त्यानंही घट्ट पट्ट्या बांधून घेतल्या आणि त्याचे हाल लिहून ठेवले. त्याच्याही आधी हिप्पोक्रेटिसनं सांगितलं होतं की हा उंचवटा जागेवर पूर्ण बसत नाही, पण हाताच्या कामाला त्यानं अडत नाही. आज पाहणीत जे दिसतं ते हिप्पोक्रेटिसच्या बाजूचं आहे.

पट्टी का टिकत नाही ते मी आईला माझ्याच हातावर दाखवते. गळ्याचं हाड वर उडालेलं दिसतं खरं, पण ते फारसं हललेलं नसतं. हात खाली गेलेला असतो. कांदा चाळीचा आडवा वासा सुटला तर बाजूची भिंत जशी खाली आणि आत येते, तसं. एरवी खांद्याचं पातं आणि सगळा हात गळ्याच्या हाडाला दोन मजबूत दोऱ्यांनी टांगलेला असतो. त्या दोऱ्या तुटल्या की साठ किलोच्या माणसाचा साधारण तीन किलोचा हात स्वतःच्या वजनानं खाली ओढला जातो. वरून हाड दाबून बांधायचं आणि खालून हात उचलून धरायचा, असं दोन्ही चोवीस तास, सहा आठवडे केलं तरच पट्टीचा उपयोग. तेवढ्यात कातडीला जखमा होतात आणि खांदा आखडतो. हाडवैद्याकडे जाऊ नका, असं मी तोडून सांगत नाही. गावात त्यांच्यावर पिढ्यांचा विश्वास आहे आणि तोडून बोललं की पेशंट माझ्याकडे यायचा थांबतो. "बांधायला लावू नका, आणि ओढायला तर अजिबात नाही," एवढं सांगते.

"गाठ राहील," मी आईला सांगते. "हात वर जाईल, ओझं उचलेल, रात्री झोप लागेल. गाठ सदऱ्याखाली जाते."

आई थोडा वेळ गप्प बसते, मग विचारते, "बैल धरता येईल का?" येईल. हा प्रश्न मला गाठीपेक्षा जास्त आवडला.

मग मुलाचं काम. उघड्या अंगानं त्याला आरशाकडे पाठ करून उभा करते आणि त्याच्याच फोनवर पाठीचं चित्रीकरण करते. दोन्ही हात वर नेताना उजवं पातं गुळगुळीत फिरतं. डावं मध्येच पाठीवरून उचलून बाहेर येतं आणि हात खाली आणताना झटका देतं. हेच त्याला दाखवायचं होतं. दुखत नाही, पण पातं ताब्यात नाही. दोऱ्या तुटल्यावर हात तोलून धरायचं काम पात्याभोवतीच्या स्नायूंवर येतं, आणि ते शिकवावं लागतं. पहिले दोन-तीन आठवडे झोळी होती, तेव्हा कोपर, मनगट, बोटं चालू ठेवली होती आणि वाकून हात लोंबता ठेवून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. मग भिंतीवर बोटं चढवणं. आता पाती मागं आणि खाली ओढून धरणं, खिडकीच्या गजाला रबर बांधून ते कोपर अंगाशी ठेवून ओढणं, भिंतीवर जोर काढताना शेवटी पाठ गोल होईपर्यंत आणखी ढकलणं. हा शेवटचा व्यायाम दिसायला किरकोळ आहे, पण पातं पाठीला चिकटवून ठेवणारा बरगडीवरचा स्नायू त्यानंच जागा होतो.

ओझ्यासाठी मी कांदेच वापरते. दवाखान्यात एक काटा आणि एक रिकामी गोणी आहे. पाच किलो कांदे घालून गोणी जमिनीवरून कमरेपर्यंत उचलायची, दोन आठवडे. पातं हललं नाही तर दहा. मग पंधरा, मग छातीपर्यंत. जिममधले डंबेल त्याच्या आयुष्यात परत कधी येणार नाहीत, गोणी येणार आहे. चाळ भरायला यंदा त्यानं घमेलं धरायचं नाही, हिशेब लिहायचा आणि ट्रॅक्टर उभा करायचा. तोंड पाडून का होईना, तो कबूल करतो.

सकाळी साडेअकरा

डाळिंबाच्या बागेत कामाला जाताना पिकअपमधून पडलेली बाई. हाड एवढं वर आलं होतं की कातडी ताणली गेली होती, पाचवी पायरी. नाशिकला ऑपरेशन झालं, हुकाची प्लेट बसवली. प्लेट गळ्याच्या हाडाला स्क्रूनं बसते आणि तिचा वाकडा हूक खांद्याच्या टोकाखाली घालतात. तरफेसारखा तो हाड खाली धरून ठेवतो आणि फाटलेल्या दोऱ्यांना भरून यायला वेळ देतो.

चौथा महिना लागला आहे. प्लेट काढायची तारीख दिलेली आहे, आणि ती म्हणते, कांदा झाल्यावर बघू.

इथं मी आवाज चढवते. हा हूक कायमचा ठेवायचा नसतो. हात वर करताना गळ्याचं हाड फिरतं, आणि हूक ते फिरू देत नाही. म्हणून प्लेट असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीवर नेऊ नका असं सांगितलेलं असतं. रोज घासून घासून हूक वरचं हाड कोरायला लागतो, खालच्या स्नायूच्या दोरीलाही इजा करतो. म्हणून साधारण तीन-चार महिन्यांत दुसरं ऑपरेशन करून ती काढतात. कुटुंबाच्या हिशेबात दुसरं ऑपरेशन म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा मजुरी बुडणं, आणि दुखत तर नाही. मी तिच्या नवऱ्याला फोन लावते.

"दादा, तारीख पुढं ढकलू नका. आत्ता काढली तर पावसाळ्यात त्या भाकरी थापतील, दोरीवर कपडे वाळत घालतील. हाड कोरलं गेलं तर पुढच्या वर्षीही हात कानापर्यंत जाणार नाही."

पलीकडून, "बरं ताई, बघतो." बघतो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. म्हणून आठवड्यानं त्यांच्या वस्तीवरून जायचं ठरवून ठेवते.

हल्ली दोन छोटी बटणं आणि मधे न तुटणारा दोरा अशी पद्धतही आहे. त्यात सहसा काही काढावं लागत नाही. जुन्या, दुर्लक्षित दुखापतीत शेजारचा अस्थिबंध उचलून गळ्याच्या हाडाला जोडण्याची पद्धत वीव्हर आणि डन यांनी १९७२ साली मांडली; आता बरेच सर्जन त्याऐवजी शरीरातलीच दुसरी दोरी काढून वापरतात. कुठली पद्धत वापरायची ते सर्जन ठरवतो. पण कुठलीही केली तरी झोळी सहा आठवड्यांच्या आसपास, ताकदीचे व्यायाम तिसऱ्या महिन्यापासून, जड काम चार ते सहा महिन्यांनी. ऑपरेशनची चिठ्ठी लिहून देताना हे वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहिलं जावं असं मला फार वाटतं.

दुपारी एक

ऊन एवढं की रस्त्यावर कुणी नाही. जेवण. वीज जाऊन येऊन.

दुपारी अडीच

दुचाकीवर मधे बसवून दोघा मित्रांनी एका मुलाला आणलं. सतरा वर्षांचा. यात्रेच्या कुस्तीसाठी आखाड्यात सराव चालू होता. तो एका कुशीवर पडला आणि वरून जोडीदाराचं वजन खांद्यावर आलं. मित्र म्हणतात, "मॅडम, खांदा उतरला, ओढी द्या."

पण त्यानं हात ठेवलेला आहे तो गळ्याखाली, छातीच्या हाडाजवळ. मान दुखऱ्या बाजूला कललेली. मी बोलायला लावते तेव्हा आवाज घोगरा येतो. पाणी गिळताना लागतं, असं तो खुणेनं सांगतो. दोन्ही बाजूंची गळ्याची हाडं शेजारी शेजारी बघितली तर उजव्या बाजूला जिथं उंचवटा हवा तिथं खड्डा आहे.

मी त्याला हात लावत नाही, आणि दुसऱ्या कुणालाही लावू देत नाही.

सगळा हात धडाला हाडानं जोडलेला आहे तो या एकाच ठिकाणी, गळ्याचं हाड छातीच्या हाडाला मिळतं तिथं. हा सांधा फार घट्ट बांधलेला, म्हणून क्वचितच निखळतो. आणि निखळला तरी बहुतेकदा पुढं येतो, दिसतो, दुखतो, पण जिवावर येत नाही. मागं गेला तर गोष्ट वेगळी. त्याच्या मागं लगेच श्वासनलिका, अन्ननलिका आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. गळ्याचं हाड आईच्या पोटात सगळ्यांत आधी हाड व्हायला लागतं, पण त्याचं आतलं टोक मात्र पंचविशीपर्यंत पक्कं जुळत नाही. त्यामुळं या वयात पुष्कळदा सांध्याऐवजी ते वाढीचं टोकच तुटून सरकलेलं असतं. साध्या एक्स-रेत हे सहज निसटतं. सीटी स्कॅन लागतो.

१०८ ला फोन करते, आणि तोवर गावातल्या ग्रामीण रुग्णालयात कळवते. मुलाला पाठीला उशी देऊन अर्धवट बसतं करते, दुखरा हात पोटाशी टॉवेलनं आधारते. पाणीही देऊ नका, असं मित्रांना सांगते, कारण भूल द्यावी लागेल. हे सांधे जागेवर बसवायचे ते ऑपरेशन थिएटरमध्ये, पूर्ण भूल देऊन, छातीचा सर्जन हाकेच्या अंतरावर असताना. हाड ओढताना फाटलेल्या रक्तवाहिनीचं तोंड उघडलं तर मिनिटं महत्त्वाची असतात. बसवल्यावर तारा घालून ठेवायची पूर्वीची रीतही या जागी सोडून दिलेली आहे. तारा सरकत सरकत हृदयापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

मित्रांपैकी एक रडवेला झाला आहे. आखाड्यात आधीच कुणीतरी एकदा ओढून बघितलं, हे तो आत्ता सांगतो. मी ते कागदावर लिहिते, वेळेसकट. पुढच्या डॉक्टरांना ते कळलं पाहिजे. त्या पोराला एवढंच म्हणते की इथं लगेच आणलंस ते फार चांगलं केलंस.

गाडी मालेगावच्या दिशेनं निघते. तिथून नाशिक.

आखाड्याच्या वस्तादांना फोन करून या आठवड्यात तासभर मागून घेते. खांदा उतरला म्हणून ओढी देण्याआधी तीन गोष्टी बघा: आवाज बदलला का, गिळता येतं का, गळ्याखाली खड्डा पडलाय का. प्रत्येक तालमीच्या भिंतीवर हे लिहिलेलं असायला हवं. वस्ताद म्हणाले, लिहून द्या, रंगवून घेतो.

संध्याकाळी पाच

अंबासनकडे एका घरी. पंचावन्नचे आप्पा. सहा वर्षांपूर्वी बैलानं पाडलं होतं, सांधा थोडा सरकला, बरा झाला असं सगळे समजले. आता फवारणीचा पंप पाठीवर घेतला की पंधरा मिनिटांत हात गळून जातो. पंप त्यांनी पाठीवर घेऊन दाखवला आणि उत्तर समोरच होतं. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो, आणि त्याचा अरुंद पट्टा बरोबर त्याच सांध्यावरून जातो. पट्टा मी मानेच्या बाजूला सरकवून, खाली जुन्या गोधडीची जाड घडी शिवायला सांगितली. कमरेला पट्टा जोडला तर आणखी भार उतरेल. शक्य असेल तिथं ट्रॅक्टरवरचा ब्लोअर.

पात्याचे व्यायाम यांनाही तेच. वय झालं की माणूस म्हणतो, आता काय व्यायाम. पण स्नायू पंचावन्नलाही शिकतात, फक्त सावकाश. त्यानं भागलं नाही तर सांध्यात इंजेक्शन. तेही पुरलं नाही तर गळ्याच्या हाडाचं टोक सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी काढून टाकतात, म्हणजे हाडावर हाड घासतच नाही. मम्फर्ड आणि गर्ड या दोघांनी १९४१ साली स्वतंत्रपणे ही शस्त्रक्रिया लिहिली, आता ती दुर्बिणीतूनही होते. पण अस्थिबंध ढिले असताना नुसतं टोक कापलं तर सांधा आणखी सैल होतो. म्हणून आधी नीट तपासणी.

आप्पांच्या सुनेनं ताक आणून दिलं. ती बाजूला येऊन हळूच विचारते, "यांना खरंच पुन्हा फवारायला जाऊ द्यायचं का?" मी म्हटलं, जाऊ द्या, पण अर्धाच पंप भरून. काम बंद केलेला शेतकरी खांदा हलवणंही बंद करतो, मग तो खांदा आखडतो, आणि आखडलेला खांदा मोकळा करायला वर्ष जातं. साखरेचा आजार असेल तर त्याहून जास्त.

संध्याकाळी साडेसात

खळ्यावरचा हमाल आला. अंघोळ करून, केस विंचरून. "मॅडम, मशीन लावा."

शेकाच्या मशीनवर लोकांची श्रद्धा आहे. दहा मिनिटं लावते, दुखणं थोडं उतरतं, आणि उतरलेल्या त्या अर्ध्या तासात व्यायाम शिकवून घेते. नुसत्या मशीनचे पैसे घेऊन रोज बोलवत राहणं सोपं आहे, ते मला मान्य नाही. त्याच्या पाठीवर चिकटपट्टीची लांब पट्टी लावली. खांदे पुढं पडले की ती ताणते आणि त्याला आठवण होते. रबराचा तुकडा घरी दिला. बायकोलाही व्यायाम दाखवला, कारण मोजायचं काम तीच करणार आहे. शिवणीवर बसवलं का, विचारलं. आज बसवलं होतं, मजुरी मात्र कमी मिळाली. मुकादमाशी उद्या पुन्हा बोलणं आलं.

रात्री दहा

नाशिकहून त्या मुलाच्या मामांचा फोन. सीटी झाला. हाडाचं टोक मागं गेलेलंच होतं, श्वासनलिकेवर दाब होता, मोठ्या रक्तवाहिन्या शाबूत. भूल देऊन जागेवर बसवलं, कापावं लागलं नाही. आवाज पूर्वीसारखा येतोय, पाणी प्यायला.

"ताई, डॉक्टर म्हणाले पट्टा सहा आठवडे. पुढच्या वर्षीच्या यात्रेत लढू द्यायचं का?"

पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, मी म्हटलं. आधी सहा आठवडे पट्टा, दोन्ही खांदे मागं. मग हात मोकळा करायचा, पण ढकलणं-ओढणं तीन महिने नाही. त्यानंतर पुन्हा फोटो, दोन्ही हातांची ताकद सारखी झाली की आखाड्यात नुसत्या बैठका आणि जोर, आणि कुस्ती सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. अचानक धाप लागली, हाताला मुंग्या आल्या, हात निळसर किंवा सुजलेला दिसला तर कुणाची वाट न बघता थेट नाशिक.

"हे सगळं व्हॉट्सॲपवर टाकता का? त्याच्या आईला वाचून दाखवतो."

टाकते म्हटलं. पट्टा कसा बांधायचा त्याचा फोटोही जोडला, आणि दर आठवड्याला काय करायचं ते तारखांसकट लिहायला बसले.